शाळा सुरू झाली की खोकला

मे महिन्यात गावी हुंदडलेलं घोडपदेवचं मूल जूनमध्ये शाळा सुरू झाली की आठ-पंधरा दिवसांत खोकायला लागतं. नाक चोंदतं, डोळे चोळून लाल होतात, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. औषधाने बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. गणपतीला चार दिवस गावी गेलं की खोकला थांबतो, परतल्यावर पुन्हा हजर. घरातले म्हणतात, पाऊस बाधला. शाळेत विचारलं तर ऐकावं लागतं, बाकीच्या मुलांना काही होत नाही. या दोन उत्तरांमध्ये आईवडील अडकतात आणि ‘सारखं आजारी’ हा शिक्का मुलावर बसतो.

अशा मुलाचं औषध चालू ठेवाच. पण त्याच्या आजाराचं वेळापत्रकही लिहून काढा. आजार कुठल्या जागेत आणि कुठल्या वेळी वाढतो हे कागदावर आलं की डॉक्टरांना निदान सोपं जातं आणि शाळेशी भांडण न होता बोलणं होतं.

घोडपदेवची हवा

घोडपदेव हा मुंबई महापालिकेच्या ई विभागातला, म्हणजे भायखळ्याचा भाग. पूर्वेला रे रोड आणि दारूखान्यातले लोखंड कापण्याचे गाळे, कॉटन ग्रीनची जुनी गोदामं, बंदराकडे जाणारे ट्रक आणि २०१३ पासून पूर्व मुक्त मार्ग. आजूबाजूला जुन्या चाळी पाडून उभे राहणारे टॉवर. ३० डिसेंबर २०२४ रोजी महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व या दोन भागांतली बांधकामं थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, कारण तिथला हवा गुणवत्ता निर्देशांक २०० च्या वर गेला होता. त्यात मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच.

त्यामुळे इथल्या वर्गाची दोन्हीकडून कोंडी होते. खिडकी उघडली तर धूळ आत येते, बंद केली तर ओल आणि कोंदट हवा आतच राहते. मुलाचा त्रास यांपैकी कशामुळे आहे, हे आधी शोधायचं.

नोंदवही कशी ठेवायची

साधी शंभर पानी वही पुरते. रोज एक ओळ लिहायची: तारीख, रात्री खोकला आला का, सकाळी उठताना कसं होतं, शाळा होती की सुट्टी, पाऊस होता का, पंप (इनहेलर) किंवा औषध किती वेळा लागलं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे वर्गात काय वेगळं घडलं. नवा रंग, फिनेलने पुसलेली फरशी, शेजारचं तोडकाम, बदललेला बाक, असं काहीही. मुलाला विचारलं की ते सगळं सांगतं.

तीन-चार आठवडे लिहा आणि त्यात एखादी जोडून आलेली सुट्टी येऊ द्या. सोमवारपेक्षा शुक्रवारी त्रास जास्त आणि रविवारी संध्याकाळी कमी, असं दिसलं तर बोट शाळेकडे जातं. रविवारीच त्रास वाढत असेल तर आपल्या खोलीकडे बघा. मच्छर पळवणारी कॉइल, उदबत्ती, न्हाणीघराला लागून असलेली ओली भिंत, जुनी गादी हीसुद्धा कारणं असतात.

इथे फसायला होतं. ॲलर्जीचा त्रास पुष्कळदा काही तासांनी उफाळतो. सकाळी वर्गात छातीत गेलेली बुरशी किंवा धूळ रात्री अकरा वाजता खोकवते. मूल घरी खोकतं म्हणून दोष घराचाच, असं लगेच ठरवू नका. एका दिवसावरून काही कळत नाही, आठवडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

वर्गात काय बघायचं

पालकसभेच्या दिवशी दहा मिनिटं आधी जा आणि मुलाच्या बाकावर बसा. आत शिरताच येणारा वास लक्षात ठेवा, कारण थोड्या वेळाने नाकाला त्याची सवय होते.

*ओल.* स्लॅबमधली गळती, तुंबलेला पावसाळी पाइप, बाहेरच्या भिंतीची भेग यांतून पाणी मुरतं. ओला कागद, लाकूड किंवा कापड यांवर एक-दोन दिवसांत बुरशी धरू शकते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत उडतात आणि श्वासनलिका सुजवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि ओलीचा दम्याशी असलेला संबंध स्पष्ट मांडला. म्हणून कपाटामागे, भिंतीवरच्या तक्त्यांमागे, शेवटच्या बाकामागे बघा. काळा-हिरवट, मऊ, कुबट वासाचा थर ही बुरशी. पांढरी, चुरचुरीत पूड दिसली तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ. लोणा स्वतः आजार देत नाही, पण भिंतीत पाणी मुरतंय हे सांगतो. बुरशीवर नुसता रंग मारला तर ती पुन्हा वर येते. आधी पाणी थांबवायचं, मग फुगलेलं प्लास्टर काढायचं, भिंत वाळू द्यायची आणि शेवटी रंग. हे काम मुलं वर्गात असताना करायचं नाही.

*कबुतरं.* खिडकीच्या छज्ज्यावर आणि एसीच्या खोक्यामागे वाळलेली विष्ठा असेल तर तिची पूड आणि पिसांचे कण आत येतात. काही जणांच्या फुफ्फुसांना त्यामुळे सूज येते. संपर्कानंतर काही तासांनी कोरडा खोकला, कणकण आणि धाप लागते. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून वाद पेटला तेव्हा हाच आजार चर्चेत होता. विष्ठा कोरडी खरवडू नये. पाणी मारून, मास्क लावून काढावी आणि मग जाळी बसवावी.

*कोंदट हवा.* बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो, आपल्या उच्छ्वासात मात्र सुमारे ४०,०००. चाळीस-पन्नास मुलं बंद वर्गात बसली की तासाभरात हवा जड होते. डोकं दुखणं, पेंग येणं, चौथ्या तासाला लक्ष न लागणं आणि मैदानावर गेलं की बरं वाटणं ही याची खूण. स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या मधल्या सुट्टीत पूर्ण उघडणं आणि एक्झॉस्ट पंखा लावणं यानेही बराच फरक पडतो.

*धूळ आणि वास.* पंख्याच्या पात्यांवर, ट्यूबलाइटवर आणि कपाटावर बोट फिरवा. कोरड्या झाडूने धूळ फक्त उडते. ओल्या फडक्याने पुसली तरच निघते. फरशी शाळा सुटल्यावर पुसली तर फिनेलचा वास सकाळपर्यंत विरतो. नव्या रंगाचा वास दिवसेंदिवस टिकतो, म्हणून रंगकाम दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत व्हावं.

*सिमेंटचे पत्रे.* जुन्या छपरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यामुळे होणारे आजार काही दशकांनी दिसतात, आजचा खोकला त्याचा नसतो. तरी पत्रा फुटला असेल तर तो बदलायला हवा आणि मुलं आवारात असताना तो फोडू किंवा भोकं पाडू नये.

डॉक्टरांकडे

वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. परळचं वाडिया मुलांचं रुग्णालय, के. ई. एम. आणि भायखळ्याचं जे. जे. ही सगळी घोडपदेवहून जवळ आहेत. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल तर आधी क्षयरोगाची तपासणी करून घ्या. इमारतीवर संशय आहे म्हणून ही तपासणी टाळू नका.

पाच-सहा वर्षांपुढचं मूल फुंकून करायची स्पायरोमेट्री ही फुफ्फुसांची तपासणी करू शकतं. दमा निघाला तर पंप स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावूनच द्या, म्हणजे औषध घशात न बसता छातीत उतरतं. पंपाची सवय लागते ही भीती चुकीची आहे. एक पंप त्रास झाल्यावर लगेच आराम देणारा, दुसरा सूज कमी ठेवण्यासाठी रोज घ्यायचा. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप मनाने बंद करू नका आणि तो घेतल्यावर चूळ भरायला लावा. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप देऊनही आराम नसेल तर थेट रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी मागा: मुलाला काय आजार आहे आणि ओल, धूळ, तीव्र वास यांपासून दूर ठेवावं. ती पुढे फार कामाला येते.

शाळेशी बोलताना

‘तुमच्या शाळेमुळे माझं मूल आजारी पडलं’ हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस बचावाला उभा राहतो. त्याऐवजी असं लिहा: ‘पाचवीच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर पाणी मुरतं आहे, कपाटामागे बुरशी आहे. सोबत फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. गळती कधी दुरुस्त होईल ते कळवावं. तोवर मुलाला खिडकीजवळ, त्या भिंतीपासून लांब बसवावं.’ पत्राची पोच घ्या. सोबत वर्गशिक्षिकेकडे पंप, स्पेसर आणि तो कधी, कसा द्यायचा याचा कागद ठेवा.

एकट्याने जाऊ नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. वर्गातल्या चार-पाच पालकांना विचारा. खोकणारं आणखी एखादं मूल सहसा सापडतंच.

इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर मुंबई महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली तिच्या मजबुतीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते झालं आहे का, विचारा, कारण गळणारा स्लॅब आरोग्याइतकाच सुरक्षेचाही प्रश्न आहे. धूळ शेजारच्या बांधकामाची असेल तर पालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या नियमांकडे बोट दाखवा. एक एकरापेक्षा लहान जागेला २५ फूट आणि मोठ्या जागेला ३५ फूट उंच पत्रे, इमारतीभोवती हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाण्याची फवारणी. यांतलं जे नाही त्याचा फोटो काढून ई विभाग कार्यालयात अर्ज द्या, १९१६ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

मुलासाठी

या सगळ्यात मूल ऐकत असतं. ‘याच्यामुळे किती धावपळ’ हे त्याच्या कानावर पडू देऊ नका. वहीतला शेवटचा रकाना त्यालाच भरू द्या. स्वतःचा त्रास ओळखून बाईंना वेळेवर सांगणं ही शिकवण्यासारखीच गोष्ट आहे. शाळा सुटल्यावर कपडे बदलणं आणि हातपाय-तोंड धुणं एवढं नेमाने झालं तरी धूळ अंथरुणापर्यंत येत नाही. डॉक्टरांनी अडवलं नसेल तर खेळ बंद करू नका.

शाळेतली दुरुस्ती झाल्यावर वही पुन्हा उघडा आणि त्याच रकान्यांत आणखी तीन-चार आठवडे लिहा. रात्रीचा खोकला उतरला तर कारण सापडलं. उतरला नाही तर डॉक्टरांना पुन्हा भेटा, वर्ग किंवा मजला बदलून मागा. शाळा बदलणं हा त्यानंतरचा मार्ग. दुरुस्ती झाली तर फायदा एका मुलाचा नसतो. त्या वर्गातली सगळीच मुलं तीच हवा घेत असतात, तुमचं मूल फक्त आधी खोकलं. गळती, प्लास्टर आणि रंग ही कामं मे महिन्याच्या सुट्टीतच नीट होतात, म्हणून शाळेला पत्र मार्चमध्येच द्या.