प्रचारगीताचे शब्द उतरवलेत? आता आवाज ऐका

ज्येष्ठात माऊलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते, तेव्हा ती आमच्या दिघीवरून जाते. रस्त्याकडेला उभं राहून बघा. मृदंगाचा ठेका कानावर पडला की थोड्या वेळात आपले पायही त्याच चालीवर पडायला लागतात. शेजारचा माणूस कुठल्या गावचा हे माहीत नसतं, तरी तो आपला वाटतो.

माझा पीएचडीचा विषय आहे अतिरेकी प्रचारातला आवाज. तुम्ही म्हणाल, त्याचा वारीशी काय संबंध? संबंध एवढाच, की ताल शरीरावर जे काम करतो ते दोन्हीकडे सारखंच आहे. फरक दुसरीकडे आहे, आणि तो नेमका कुठे हे दाखवणं हेच आपलं काम.

इतिहासकार विल्यम मॅकनील यांनी 1941 साली अमेरिकन सैन्यात तासन् तास कवायत केली. एका तालात हालचाल केल्याने माणसं बांधली जातात, हा अनुभव त्यांनी 1995 च्या पुस्तकात मांडला. 2009 मध्ये विल्टरमथ आणि हीथ यांनी प्रयोगांतून दाखवलं, की एकत्र चालणारे, गाणारे लोक नंतर एकमेकांना जास्त सहकार्य करतात. 2012 मध्ये विल्टरमथ यांना दुसरी बाजूही दिसली: अशा सोबत्याने सांगितलं तर दुसऱ्याला त्रास देण्याची तयारीही वाढते.

आता पुण्यात या. 1894 च्या गणेशोत्सवात मेळ्यांतली मुलं तालीम करून एका सुरात पदं म्हणत होती. तोवर पुण्यातले अनेक हिंदू मोहरमच्या ताबुतांत सामील होत. काही पदांतून आता तिकडे जाऊ नका, असं सांगितलं गेलं. त्याच वर्षी दारूवाला पुलाजवळ मशिदीसमोरच्या वाद्यांवरून दंगल झाली. सगळे मेळे अतिरेकी होते असं मी म्हणत नाही. पुढे समाजसुधारणेची पदंही मेळ्यांतून आली. पण ही दंगल फक्त पदांच्या वहीतून समजणार नाही. वाद्यं कुठे, केव्हा, कोणासमोर वाजली, हे बघावं लागतं.

आयसिसची प्रचारगीतं घ्या. 2013 मध्ये त्यांनी त्यासाठी 'अजनाद' नावाचा वेगळा विभागच काढला. या गीतांत वाद्यं नसतात, कारण त्यांच्या मते ती निषिद्ध. त्याऐवजी एकावर एक चढवलेले आवाज, घुमारा, मधूनच गोळीबार. अरबी न येणाऱ्यालाही ती चाल गुणगुणता येते. अर्थ नंतर येतो, सूर आधी.

मी पहिलं वर्षभर फक्त शब्द उतरवत बसलो होतो. वही भरली, हाती फार काही लागलं नाही. ती चूक तुम्ही करू नका.

उलट चूकही तेवढीच महाग पडते: आवाजालाच गुन्हेगार ठरवणं. रवांडाचे गायक सिमॉन बिकिंदी यांची गाणी 1994 च्या वंशसंहारात आरटीएलएम रेडिओवर वाजत होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2008 मध्ये त्यांना 15 वर्षांची शिक्षा दिली, पण ती गाण्यांसाठी नाही. काही गाण्यांनी वांशिक द्वेषाला खतपाणी घातलं हे न्यायाधिकरणाने मान्य केलं. शिक्षा झाली ती लाउडस्पीकर लावलेल्या गाडीतून तुत्सींना मारा असं सांगितल्याबद्दल.

म्हणून प्रत्येक ध्वनिफितीला तीन प्रश्न विचारा. या तालात कोण सामील होऊ शकतं? कोणाला बाहेर ठेवलंय? आणि गाणं संपल्यावर ऐकणाऱ्याकडून काय मागितलं जातं? वारीत वाटेवरचा कोणीही टाळ हाती घेऊन चालू लागतो. प्रचारगीताला मात्र बाहेरचा शत्रू लागतोच.

शेवटचं, पण आधी करायचं काम. बंदी असलेलं साहित्य 'अभ्यासासाठी' म्हणून परस्पर डाउनलोड करू नका. गाइडशी बोला, नैतिकता समितीची लेखी परवानगी घ्या. आणि दिवसभर ऐकलेली चाल रात्री भांडी घासताना तोंडात आली तर दचकू नका. तारीख टाकून वहीत लिहा. तीही नोंदच आहे.