वेलांटीपाशी अडलेलं मूल

‘किती’ हा शब्द पहिलीतल्या मुलासमोर ठेवा. पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण उच्चारायची नंतर. दुसरी ‘त’च्या नंतर दिसते आणि नंतरच उच्चारायची. एकट्या ‘र’ची रूपं तर ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’, ‘दुसऱ्या’ अशी पानोपानी बदलतात. बहुतेक मुलं हे सारं वर्षा-दोन वर्षांत पचवतात. ज्यांना डिसलेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षर आणि ध्वनी यांची सांगड मेंदूत पक्की बसत नाही, ती इथेच रेंगाळतात.

मराठीत हा त्रास इंग्रजीइतका चटकन उघडा पडत नाही. आपल्याकडे अक्षराचा उच्चार सहसा ठरलेला असतो. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतल्या ‘च’सारखे अपवाद थोडे. त्यामुळे असं मूल एकेक अक्षर लावत शेवटी शब्द बरोबर वाचतंही, पण इतकं हळू की वाक्याच्या शेवटाला पोहोचेतो सुरुवात विसरलेली असते. तोच धडा कुणी वाचून दाखवला, तर प्रश्नांची उत्तरं ते धडाधड देतं. वर्गात सगळे एकसुरात वाचतात, धडा ऐकून ऐकून पाठ होतो आणि अडचण झाकली जाते. पुढे चौथी-पाचवीत नवा उतारा समोर आला की शेरा मिळतो: ‘हुशार आहे, पण आळशी.’ या शेऱ्याने होणारं नुकसान मला मूळ अडचणीपेक्षा मोठं वाटतं.

या मुलांची दखल घेण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. शालान्त परीक्षेत त्यांना सवलती देण्याचा निर्णय राज्याने 1996 मध्ये घेतला; महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षी मुंबईत सुरू झाली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एका भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं गणित, असं सवलतींचं स्वरूप होतं. तपासणीसाठी पालक सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी जात. पण तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेले अभ्यास पाहिले, तर त्यांतली मुलं इंग्रजी माध्यमाची आहेत, कारण मराठीत प्रमाणित चाचण्याच नव्हत्या. नंदुरबारच्या किंवा हिंगोलीच्या जिल्हा परिषद शाळेतलं मूल या व्यवस्थेच्या नजरेला पडणार तरी कसं?

कायदा उशिरा आला. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, डिसलेक्सियासारखी अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार एकवीस केले आणि तिला जागा दिली. त्यानंतरच्या 2018च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र मात्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच; चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. कागद हाती आला तरी झगडा संपत नाही. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीला 2021च्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत हक्काचा जादा एक तास मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं. फेरपरीक्षा मात्र दिली नाही.

आठ वर्षांची अट निदानापुरती समजण्यासारखी आहे. लहान वयात उशिरा शिकणारं मूल आणि अक्षमता असलेलं मूल यांत फरक करणं अवघड असतं. पण ती अट मदतीलाही लागू असल्यासारखं शाळा वागतात, हे मला मुळीच पटत नाही. जादा वेळ दहावीत मिळतो; वाचायला शिकण्याची वर्षं पहिली ते तिसरीची. शब्दातले ध्वनी सुटे करून ऐकवणं, एकेक स्वरचिन्ह सावकाश पक्कं करणं, अक्षर बोलत बोलत वाळूत गिरवणं, जोडाक्षर फोडून पुन्हा जोडणं: यासाठी कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. वर्गशिक्षकाला वेळ आणि प्रशिक्षण मात्र लागतं. अनेक शाळांत मिळून एकच विशेष शिक्षक फिरत असेल, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला तो किती येणार?

मराठीत साधनच नाही, ही सबब आता चालणार नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी 2015 पासून हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. तिच्यात शिक्षकांनी भरायच्या प्राथमिक चाळणीचे दोन भाग आहेत: एक तिसरी ते पाचवीसाठी आणि दुसरा थेट पहिली-दुसरीसाठी.