माळ्यावरची जुनी दुर्बीण फोनला कशी जोडाल? चंद्राच्या फोटोसाठी नेमकं काय बदलावं लागतं

अष्टमीच्या संध्याकाळी नुसत्या फोनने चंद्राचा फोटो काढला, की बहुतेक वेळा पांढरा ठिपका हाती येतो. त्याच फोनला माळ्यावर धूळ खात पडलेली ६० मिलिमीटरची दुर्बीण जोडली, तर त्या ठिपक्यात विवरं दिसू लागतात. हवा स्थिर असेल तर एवढ्या भिंगातून चंद्रावरचा साधारण चार किलोमीटरपर्यंतचा तपशील ओळखता येतो. कोपर्निकस विवर ९३ किलोमीटर रुंद आहे. म्हणजे दुर्बीण लहान म्हणून काही अडत नाही, अडतं ते जोडणीत.

कोणता आयपीस लावायचा?

अशा दुर्बिणीचं नाभीय अंतर बहुधा ७०० मिलिमीटर असतं आणि डब्यात २० व ४ मिलिमीटरचे आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, मिळतात. मोह होतो तो ४ चा, कारण तो १७५ पट मोठं दाखवतो. तो बाजूलाच ठेवा. प्रतिमा अंधुक होते, हादराही १७५ पट दिसतो आणि त्याच्या बारीकशा भोकावर फोनचा कॅमेरा बसवणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. २० चा आयपीस ३५ पट दाखवतो. त्यात अख्खा चंद्र आरामात मावतो.

खर्च करायचाच असेल तर इथे करा. जुने आयपीस २४.५ मिलिमीटर जाडीचे, आजचे ३१.७ चे. दोन्ही मापं जुळवणारा अडॅप्टर मिळतो. तो लावून २५ मिलिमीटरचा चांगला आयपीस बसवला, की दुर्बीण जणू नवी होते.

फोटो हलतो, पांढरा पडतो. मग?

फोन होल्डरने बसवा, हाताने धरू नका. पण फोनच्या वजनाने नळी मागे झुकते, म्हणून पुढच्या टोकाला पेन्सिल सेल रबरबँडने बांधा. स्टँडचे पाय आखूड ठेवा, मध्ये पाण्याची बाटली लटकवा. (कंपनांचा धडा इंजिनीअरिंगच्या वर्गापेक्षा गच्चीवर लवकर कळतो.) क्लिक करायला तीन सेकंदांचा टायमर लावा.

फोनला बहुतांश काळं आकाश दिसतं, म्हणून तो उजेड वाढवतो. चंद्र मात्र उन्हात तापलेला खडक आहे. त्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि विवरं उमटेपर्यंत ब्राइटनेस खाली ओढा. नाइट मोड बंद. काही फोन एआयच्या मदतीने चंद्रावर नसलेला तपशील भरतात, तेही बंद करा. नाहीतर फोटो तुमचा राहणार नाही.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. त्यामुळे त्याला कडेला ठेवून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेणं सोपं. ऑटोस्टॅकर्टसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातल्या स्पष्ट फ्रेम निवडून एकत्र करतं.

पौर्णिमेची वाट पाहू नका. तेव्हा सावल्याच नसतात, चंद्र सपाट दिसतो. खरी मजा शुक्ल अष्टमीच्या आसपास, उजेड-अंधाराच्या सीमेवर. फक्त गच्चीचा स्लॅब थोडा निवू द्या. त्यातून उठणाऱ्या गरम हवेने प्रतिमा थरथरते.

एक गोष्ट मात्र आधी करा. जुन्या डब्यात आयपीसला लावायची, 'सन' लिहिलेली काळी काच असू शकते. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि क्षणात डोळा जाऊ शकतो. दुर्बीण मुलांच्या हाती देण्याआधी ती काच फेकून द्या.