‘गुटगुटीत’ : भाषा, घर आणि बालकाचा आहार

मूल काय खाते, किती खाते आणि कोठे थांबते, हे केवळ भुकेवर ठरत नाही. ते घर शिकविते, आणि घराला भाषा. ‘बाळसे धरणे’, ‘अंगाने भरणे’, ‘गुटगुटीत’ हे मराठीतील कौतुकाचे शब्द होत. ‘खात्यापित्या घरचा’ या विशेषणात तर देहावरून घराची सुस्थिती वाचली जाते. उलट, हडकुळे मूल हा आईवरील ठपका ठरतो. दुष्काळ व बालमृत्यू वारंवार अनुभवलेल्या समाजाने मेदाला आरोग्याचे चिन्ह मानावे, यात नवल नाही.

बंगळूरमध्ये शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी आणि कन्नड शेजारी नांदत आल्या आहेत. तेथील बसवनगुडीसारख्या जुन्या वस्तीत ‘ऊट आयिता?’ म्हणजे ‘जेवण झाले का?’ हाच कुशलप्रश्न असतो. मुलांना भोवती बसवून कालविलेल्या भाताचा गोळा प्रत्येकाच्या हातावर ठेवण्याला कन्नडात ‘कैतुत्तु’ म्हणतात. मराठी घरांत चिऊ-काऊचे घास असतात. दोन्हींत वात्सल्य एकच आणि रीतही एकच : घासांची संख्या वडीलधाऱ्यांच्या हाती, मुलाचे लक्ष मात्र गोष्टीत. पोट भरल्याची जाणीव गोष्टीच्या ओघात विरून जाते. आज गोष्टीची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. निदान गोष्टीत सांगणाऱ्याचा आवाज तरी होता.

जुन्या व्यवस्थेत आग्रहाला पंचांगाचा लगाम होता. दोड्ड बसवाच्या देवळापाशी कार्तिकातील शेवटच्या सोमवारी ‘कडलेकाई परिषे’ ही भुईमुगाची जत्रा भरते. नंदीने पीक खाल्ले म्हणून शेतकऱ्यांनी पहिले पीक त्याला वाहण्याचे ठरविले, अशी आख्यायिका आहे. नवी शेंग, एक जत्रा आणि पुन्हा नित्याचे जेवण, असा तो क्रम होता. आता कोडबळे, चकली, होळिगे बाजारात बारमाही मिळतात. सण रोजचा झाला, उपवास मागे पडला, आग्रह मात्र टिकून राहिला.

याचे परिणाम वजनकाट्यावर पूर्णपणे दिसत नाहीत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात ग्रामीण नवजातांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते 3.5 किलो होते. परंतु कृश देहातही मेद तुलनेने टिकून होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019–21) पाच वर्षांखालील 32.1 टक्के बालके कमी वजनाची, तर 3.4 टक्के अतिवजनाची होती. म्हणजे अभाव सरलेला नसतानाच अतिरेकाचा प्रवेश झाला आहे.

लीन बर्च व सहकाऱ्यांच्या 1987 च्या प्रयोगात, ताट संपविण्याकडे लक्ष वळविलेली मुले अन्नातील ऊर्जेनुसार आपले खाणे कमीजास्त करीनाशी झाली. ‘पानात काही टाकू नये’ हा संस्कार अन्नाविषयीच्या आदरातून आला, हे खरे. तो आदर राखावयाचा असेल, तर पान मुलाच्या भुकेएवढेच वाढणे हा त्याचा सरळ अर्थ होय. ‘पुरे’ हा शब्दही भाषेने मुलाला दिलेलाच आहे. घराने तो ऐकला पाहिजे.