इंजिन वाढवा, पण दाखला आणा!

जर्मनीत मोटारीच्या तपासणीची गोष्ट बिअरपासून सुरू होते! 1865 साली मानहाइम शहरातल्या बिअरच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी बॉयलरमालकांनी आपणहून एकत्र येऊन तपासणी संघ काढला. तसेच संघ इतरत्रही निघाले आणि त्यांतून आजच्या 'ट्युफ' संस्था उभ्या राहिल्या. मोटारींची ठरावीक मुदतीने होणारी तपासणी तिथे 1951 पासून सक्तीची आहे. नवी गाडी पहिल्यांदा 3 वर्षांनी दाखवायची, मग दर 2 वर्षांनी.

पास झालेल्या गाडीच्या मागच्या नंबरप्लेटवर गोल स्टिकर लागतो. त्याचा रंग दरवर्षी बदलतो, 6 रंग फिरून फिरून येतात. त्यावरचे महिन्यांचे आकडे चक्क उलटे, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने छापलेले असतात. मुदतीचा महिना वर येईल असा स्टिकर चिकटवला की 12 जवळची काळी पट्टी घड्याळाच्या काट्यासारखी बरोबर त्याच महिन्याच्या जागी येते. पट्टी 3 वाजण्याच्या जागी दिसली की मुदत मार्चपर्यंत. पोलिसाला आकडा वाचायचीही गरज नाही.

आता इंजिनाकडे. मोठा टर्बो बसवला किंवा लॅपटॉप जोडून इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललं आणि त्यामुळे धूर किंवा आवाज वाढला, तर गाडीची रस्त्यावर चालण्याची मान्यता आपोआप संपते. नोटीस नाही, सुनावणी नाही. विम्याचा घोळ होतो तो वेगळाच.

पण वाट बंद नाही, आणि मला हेच फार आवडतं. प्रमाणित सुटा भाग बसवा, त्याचे कागद घेऊन ट्युफसारख्या संस्थेच्या तज्ज्ञाकडे जा. वाढलेली ताकद ब्रेकला पेलते का, टायर तेवढ्या वेगाचे आहेत का, धूर आणि आवाज मर्यादेत आहे का, हे तो पाहतो. सगळं जुळलं की नवी ताकद गाडीच्या कागदांवर रीतसर चढते. 30 वर्षांपुढच्या गाडीला 'एच' अक्षराची खास नंबरप्लेट हवी असेल, तर बदलसुद्धा त्या जुन्या काळाला शोभणारे लागतात.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बरंच कडक आहे. उत्पादकाने ठरवलेली मूळ रचना बदलता येत नाही, हे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं. मान्यताप्राप्त सीएनजी किटला मात्र मुभा आहे. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कर्णकर्कश सायलेन्सरवर कारवाई हवीच. पण नीट काम करणाऱ्या कारागिराला ते तपासून घ्यायची सोयही असायला हवी.

अशी सोय मिळाली की काय होतं, ते जर्मनीतच पाहा. बीएमडब्ल्यूची इंजिनं फुलवून पुढे आलेल्या आल्पिनाचं नाव मूळचं टाइपरायटरच्या कारखान्याचं. त्या कारखानदाराच्या मुलाने, बुर्कार्ड बोवेनझीपेनने, बीएमडब्ल्यू 1500 साठी जोड कार्ब्युरेटर बनवले. ते इतके सरस ठरले की 1964 मध्ये बीएमडब्ल्यूने ते बसवलेल्या गाड्यांची वॉरंटी कायम ठेवली. पुढे 1983 मध्ये आल्पिनाची नोंद उत्पादक म्हणूनच झाली. त्याआधी, 1981 मध्ये, पोर्शची इंजिनं फुलवणाऱ्या रूफ या गॅरेजलाही हाच मान मिळाला होता. रूफच्या पिवळ्या सीटीआर गाडीने 1987 मध्ये ताशी 339 किलोमीटरचा वेग गाठला, तेव्हा तिच्या चासी नंबरावर पोर्शची नव्हे, रूफची ओळख होती.