कानाची पारख

अमडापूरसारख्या गावी भजनाला बसावे, म्हणजे किती निरनिराळे ध्वनी कानी पडतात! मृदंगाचा घुमारा, टाळांचा किणकिणाट, वीणेचा झंकार. हेच भजन स्मार्टफोनवर ऐकले, तर टाळ वाजतात, पण मृदंगाचा घुमारा हरवतो. असे का व्हावे?

ध्वनी म्हणजे हवेची कंपने. निरोगी तरुण कानास सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकू येतात. कंपने थोडी असली, तर स्वर खर्जातला. पुष्कळ असली, तर उंच. खर्जातला स्वर मोठ्याने उमटवण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते. फोनमधील इवल्याशा ध्वनिक्षेपकास ते साधत नाही. कानात बसणाऱ्या इयरफोनला मात्र कानातली चिमूटभर हवाच हलवावयाची असते. म्हणून त्यातून मृदंग पुन्हा घुमू लागतो.

दोन फोनांची तुलना करावयाची झाल्यास दोहोंवर एकच ओळखीचे गाणे लावावे आणि एकच इयरफोन वापरावा. आवाजही सारखाच ठेवावा. कारण जो मोठ्याने वाजतो, तोच आपल्याला गोड वाटतो व पारख फसते. मग नीट ऐकावे: मृदंग घुमतो का? टाळ कर्कश तर होत नाहीत ना? शब्द स्पष्ट येतात का? गाण्यातील शांत जागी खरखर तर नाही? मात्र मूळ ध्वनिमुद्रणच सदोष असेल, तर फोनला बोल लावणे न्यायाचे नव्हे.

मुलांनो, आवाज नेहमी बेताचाच ठेवा. मोठ्या आवाजाने अंतःकर्णातील नाजूक केशपेशी नष्ट होतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. फोन नवा आणता येतो, कान नव्हे.