तडे खोल, गळती वर

फ्रॅकिंगवरचा अमेरिकेतला वाद ऐकला की वाटतं, सगळं भांडण जमिनीखाली दीड-दोन किलोमीटरवर पाडलेल्या तड्यांचं आहे. पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉक गावाची कथा वेगळी आहे.

शेल खडकात नैसर्गिक वायू असतो, पण खडक इतका घट्ट की वायू आपणहून वाहत नाही. म्हणून बोअर सरळ खाली नेतात, शेलच्या थरात आडवी वळवतात, आत पोलादी नळ घालून भोवती सिमेंट भरतात. आडव्या नळाला स्फोटकांनी भोकं पाडली की पाणी, वाळू आणि थोडी रसायनं प्रचंड दाबाने आत ढकलायची. खडक तडकतो; यालाच फ्रॅकिंग म्हणतात. पाणी मागे फिरलं तरी वाळूचे कण फटीत अडकतात आणि ती मिटू देत नाहीत. वाळू तळाशी बसू नये म्हणून कित्येक विहिरींत गवारीच्या बियांचा डिंक वापरतात. होय, आपली भाजीचीच गवार! अमेरिकेच्या मागणीने 2012 साली भारतात तिचा भाव इतका भडकला, की वायदेबाजारातले व्यवहार थांबवावे लागले.

पहिला प्रयोग 1947 मधला, कॅन्ससचा. शेलचा वायू परवडणाऱ्या खर्चात काढायला मात्र टेक्सासच्या जॉर्ज मिचेल या हट्टी उद्योजकाची जवळपास दोन दशकं गेली. 1998 च्या सुमारास त्याच्या अभियंत्यांनी दाट जेल सोडून जवळजवळ साध्या पाण्यावर भागवलं आणि हिशेब जुळला.

डिमॉकमध्ये 1 जानेवारी 2009 रोजी एका घराजवळच्या पाण्याच्या विहिरीवरचं काँक्रीटचं झाकण स्फोटाने उडालं. आत मिथेन साठला होता. राज्याच्या पर्यावरण खात्याने ठपका ठेवला तो कॅबोट कंपनीच्या सदोष वायुविहिरींवर. ‘तडे पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचत नाहीत’ हे उद्योगाचं आवडतं वाक्य बहुतांशी खरं आहे. पण वायू नळाच्या कडेने वर येत असेल, तर ते वाक्य गावकऱ्याच्या काय कामाचं?

भूकंपांबाबत ओक्लाहोमातही तसंच, दोष तड्यांचा नव्हता. 2016 मध्ये पॉनीला बसलेला 5.8 तीव्रतेचा धक्का तेल-वायूच्या विहिरींतलं सांडपाणी खोल जिरवण्याशी जोडला गेला. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलजवळ मात्र खुद्द फ्रॅकिंगनेच जमीन हलली: ऑगस्ट 2019, तीव्रता 2.9. काही महिन्यांत सरकारने काम थांबवलं.

समर्थकांचा मुद्दाही कच्चा नाही. स्वस्त वायूने अमेरिकेतल्या वीजनिर्मितीतून कोळशाला मागे रेटलं आणि कार्बन उत्सर्जन घटलं. मात्र वाटेत मिथेन गळाला तर तो फायदा झपाट्याने आटतो. न्यूयॉर्क राज्याने 2014 च्या अखेरीस बंदी जाहीर केली, पण शेजारच्या पेनसिल्व्हेनियाचा वायू घेणं काही सोडलं नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये कॅबोटच्या वारस कंपनीने डिमॉकचं पाणी बिघडवल्याच्या खटल्यात आरोप लढवला नाही आणि गावासाठी जलवाहिनीचा सुमारे 1.6 कोटी डॉलरचा खर्च मान्य केला. त्याच सुमारास राज्याने तिला डिमॉकभोवतीच्या, तोवर तिला खणायला बंदी असलेल्या पट्ट्याच्या खालून आडव्या विहिरी खणायला पुन्हा परवानगी दिली.